मागच्या आठवड्यात किती दिवस?

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या बाईइतके प्रश्न मला उभ्या आयुष्यात कुणी विचारले नाहीत. शाळेत मास्तरांनी नाहीत, मला बघायला आलेल्या पाहुण्यांनी नाहीत, आणि दोह्याच्या विमानतळावर काचेआड बसलेल्या पोलिसानं तर मुळीच नाहीत. त्यानं नुसतं तोंडाकडे पाहिलं आणि शिक्का मारून मोकळा झाला. ही बाई मोकळं सोडणारी नव्हती. "जिना चढलात? किती पायऱ्या? मध्ये थांबलात का? आधी दम लागला का आधी घाम आला?" असं विचारत ती वहीत लिहीत जायची, आणि लिहून झालं की मान वर करून म्हणायची, "आता अशा किती वेळ बसणार, काकू?" मी म्हणायचे, "तू उठेपर्यंत." तेही ती लिहायची.

मी सिन्नरकडची. चौथीपर्यंत शिकले. नवरा गेल्यावर मुलानं मला इथं आणलं. तो गॅसच्या कंपनीत इंजिनियर, सून शाळेत शिकवते, आणि आम्ही अल सद्दला सातव्या मजल्यावर राहतो. समोरची नाशिकची, पंचेचाळिशीची, एकटी. उंच, वाळकी, चष्मा दोरीनं गळ्यात अडकवलेला आणि त्याच्याच शेजारी सेकंद मोजायचं घड्याळ लोंबकळतंय. एक भाकरी थापायला मला किती सेकंद लागतात हे तिनं एकदा मोजलं होतं. सहा भाकऱ्या मोजल्या आणि सातवी गरम गरम खाल्ली. खालच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात, ती कणकेची दहा किलोची पिशवी उचलायची, छातीशी धरून दाराकडे चालत जायची, परत येऊन जागेवर ठेवायची आणि अंड्यांचा एक ट्रे घेऊन निघायची. तो केरळचा दुकानदार सुरुवातीला घाबरायचा, मग तिच्यासाठी वेगवेगळ्या वजनाच्या पिशव्या ओळीनं लावून ठेवायला लागला. टॅक्सीत बसली की ड्रायव्हरला विचारायची, दिवसातून किती तास बसता? तो बिचारा म्हणायचा, मॅडम, टॅक्सी उभ्यानं कशी चालवणार? आणि स्वतः ही बाई सकाळपासून संध्याकाळपर्यंत खुर्चीत. पाय सुजलेले. एकदा मी तिला म्हटलं, "तुझाच कागद तू भर की." म्हणाली, "काकू, मी अजून साठीची नाही. मला लागू नाही." सुटली.

हा कागद म्हणजे तिची नोकरी. म्हाताऱ्या माणसांचं हिंडणंफिरणं किती, कष्ट किती, बसणं किती, हे काढायचे प्रश्न. मूळ कागद गोऱ्यांच्या देशातला. त्यात गोल्फ खेळता का, बर्फ उपसता का, गवत कापायचं यंत्र ढकलता का, असलं विचारलेलं. तिच्या ऑफिसातल्या मोठ्या बाई थायलंडच्या. त्यांनी तो कागद आपल्या देशातल्या म्हाताऱ्यांसाठी बसवून घेतला होता. गोल्फ आणि बर्फ काढून टाकलं आणि देवळाचं अंगण झाडणं, पहाटे भात शिजवून भिक्षूंना वाढायला उभं राहणं, फळबागेत वाकून काम करणं, असं घातलं. समोरची त्या थाई कागदाला पोथीसारखी जपायची, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून. इथं दोह्यात मुलांकडे राहणाऱ्या म्हाताऱ्यांसाठी तसाच कागद ज्याच्या त्याच्या भाषेत करायचा होता. मल्याळी झाला होता, उर्दू झाला होता. मराठी अडला होता. ठरलेल्या गुरुवारपर्यंत मराठी नाही जमला तर मराठी बंद. मराठी बंद म्हणजे तिची नोकरी बंद, आणि इथं नोकरी गेली की व्हिसा गेला. मोठ्या बाईंनी हे तिला हसत हसत सांगितलं होतं. "त्या हसल्या ना काकू, की समजायचं, काहीतरी गेलं," असं ती म्हणायची.

कागद का अडला होता ते सांगते. पहिल्यांदा तिनं मला विचारलं तेव्हा आमची सून समोर बसली होती. "काकू, घरातलं काय काय काम करता?" मी म्हटलं, "काही नाही. सगळं हीच करते." माझ्या मांडीवर सोललेल्या लसणाचं ताट होतं आणि कोपरापर्यंत पीठ लागलेलं होतं. तिनं पिठाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि 'काही नाही' असं लिहिलं. तिचा नियमच तसा होता, माणूस सांगेल ते लिहायचं. दुसऱ्या दिवशी सून शाळेत गेल्यावर दार वाजवलं. "काकू, ते पीठ?"

"अगं, सुनेसमोर मी राबते म्हणून सांगू? म्हणजे चारचौघांत तिची अब्रू काढू? ती पोर पहाटे पाचला उठते."

"पण कागद सांगतो की तुम्ही दिवसभर आडव्या असता!"

"कागदाला सांग, माझी सून चांगली आहे."

तिनं तोवर विचारलेल्या बाराही बायकांचे कागद काढून पुन्हा वाचले. मग तिला कळलं की तिच्या कागदाप्रमाणे दोह्यातली एकही मराठी सासू काडी हलवत नव्हती. सगळ्या बारा बायका आडव्या. तेव्हापासून ती सुना कामावर गेल्या की यायची आणि थेट स्वयंपाकघरात, ओट्याला टेकून विचारायची. ते जमलं. मग व्हरांड्याचा प्रश्न आला. मी उन्हाळ्यात लिफ्टपासून आगीच्या दरवाज्यापर्यंत बाहेरच्या लांब बोळात फेऱ्या मारते, कारण खाली गेलं तर चपलेचा तळ वितळेल असं ऊन. तो बोळ घरात धरायचा का घराबाहेर, यावर ती दोन दिवस जेवली नाही म्हटलं तरी चालेल. शेवटी मी म्हटलं, "मी तिथं जाताना डोक्यावर पदर घेते. म्हणजे बाहेर." तिनं आनंदानं माझा हात दाबला.

पण खरी अडचण पुढेच होती. नियम असा की एकदा विचारायचं आणि आठवड्यानं त्याच बाईला तेच प्रश्न परत विचारायचे. दोन्ही उत्तरं साधारण जुळली तर कागद भरवशाचा. नाही जुळली तर कागद केराच्या टोपलीत. आणि आमची जुळत नव्हती. पहिल्यांदा पाच दिवस चालणारी बाई दुसऱ्यांदा दोन म्हणायची, दोनवाली सहा म्हणायची. तिनं प्रश्न सोपे केले, अक्षरं मोठी केली, दिवसांची चित्रं काढली. काही उपयोग नाही. एका मंगळवारी ती माझ्या ओट्याशी उभी राहिली आणि म्हणाली, "काकू, नऊ दिवस राहिलेत. खलास. मी पेटी काढून ठेवलीय." फरीज बिन ओमरान वस्तीत राहणाऱ्या मालवणच्या काकी त्या दिवशी माझ्याकडे बसल्या होत्या. त्याही त्या बारातल्या. त्या म्हणाल्या, "गो, तू माका तोच प्रश्न परत इचारलंस. म्हणजे माझा आधीचा चुकला असतला. म्हणान मी बदलून सांगितलंय."

समोरचीनं वही उघडली.

मग मीही सांगितलं. आमच्या शाळेत मास्तर एखाद्या पोरीला तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचे तेव्हा हातात पट्टी असायची. सात सक किती? बेचाळीस. किती? आपलं बेचाळीस बरोबर असलं तरी आपण चव्वेचाळीस म्हणायचो. परत विचारलं म्हणजे चुकलं. हे आम्हाला कुणी शिकवलं नाही, अंगातच बसलंय. मी पण माझे पाच दिवसांचे तीन करून सांगितले होते. पाच म्हटल्यावर तिनं भुवई उचलली होती असं मला वाटलं होतं.

ती उठली, वही मिटली, आणि त्याच दिवशी बारा घरी पुन्हा पहिल्यापासून विचारायला लागली. एक आठवडा मध्ये सोडून बुधवारपर्यंत दुसरी फेरी, आणि गुरुवारी मोठ्या बाईंपुढे कागद. एकही दिवस शिल्लक नाही. रोज संध्याकाळी तिच्या दारातून येरझाऱ्यांचा आवाज यायचा. मी मनात म्हटलं, चला, निदान चालतेय तरी.

आता माझी चूक. मला राहवलं नाही. त्याच मंगळवारी संध्याकाळी आमचं भजन होतं, बाराच्या बारा जणी जमल्या. टाळ खाली ठेवल्यावर मी म्हटलं, "बायांनो, त्या पोरीची नोकरी चाललीय. तिला या फेरीत काय सांगता ते चिठ्ठीवर लिहून ठेवा, आणि परत आली की वाचून तेच्या तेच सांगा. दिवस तेवढेच, मिनिटं तेवढीच. इकडचं तिकडं करायचं नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. लातूरच्या बाईंनी तर भजनाच्या वहीतच लिहून घेतलं. मी घरी आले ती मोठं काम केल्यासारखी.

बुधवारी दुपारी बेल वाजली. समोरची दारात उभी होती. घड्याळ गळ्यात नव्हतं, हातात घट्ट धरलं होतं.

"काकू, लातूरच्या बाईंकडून आले. त्यांच्या पायाला प्लॅस्टर आहे. शुक्रवारी बाथरूममध्ये पाय घसरला. स्टुलावर पाय ठेवून बसल्या होत्या आणि मला म्हणाल्या, मागच्या आठवड्यात पाच दिवस चालले, रोज वीस मिनिटं. मी म्हटलं, बाई, पाय? तर म्हणाल्या, पायाचं काय घेऊन बसलात, तुम्हाला पाचच हवेत ना?" ती आत आली. "मांडीवर भजनाची वही उघडी होती. खरं सांगा. हे कुणी केलं?"

मी म्हटलं, "मी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती जमिनीवर बसली, भिंतीला टेकून, आणि पिशवीतून कागद काढून माझ्यापुढे पसरले. बाराच्या बारा जुळत होते. मिनिटापर्यंत जुळत होते. एवढे सुंदर कागद तिला वर्षभरात मिळाले नव्हते.

"दे की मग," मी म्हटलं. "कुणाला कळतंय? तुला आणि मला."

"मला कळतंय ना."

"नोकरी जाईल तुझी."

"जाईल." तिनं लातूरच्या बाईंचा कागद उचलला. "काकू, उद्या हा कागद दवाखान्यात जाणार. डॉक्टर वाचणार, ही बाई रोज चालते, हिला काही नको. आणि ही बाई स्टुलावर पाय टाकून बसलेली असणार." मग म्हणाली, "माझ्या आईला मी दर रविवारी फोन करायचे. कशी आहेस, तर म्हणायची मजेत. वर्षानुवर्षं मजेत. ती रोज गच्चीवर पाण्याच्या बादल्या चढवायची हे ती जिन्यावरून पडली तेव्हा कळलं. मी नीट विचारलंच नव्हतं." एवढं बोलून ती उठली, कागद गोळा केले आणि गेली. पोळ्या करपल्या. रात्रीपर्यंत कुणी मला काही विचारलं नाही, आणि मला ते आवडलं नाही.

गुरुवारी सकाळी मी नऊवारी नेसून तिच्या दारात जाऊन उभी राहिले. "यल्ला," मी म्हटलं, "चल. चूक मी केली, मीच सांगते." तिनं नाही म्हणून पाहिलं. मी लिफ्टचं बटण दाबून ठेवलं. टॅक्सीत तिनं ड्रायव्हरला एकही प्रश्न विचारला नाही, तेव्हा मला खरी भीती वाटली.

मोठ्या बाई बुटक्या, पिकलेल्या केसांच्या, माझ्याहून दहाएक वर्षांनी लहान. हात जोडून नमस्कार केला, अगदी आपल्यासारखा, आणि हसल्या. मला तिचं बोलणं आठवलं. समोरचीनं कागद टेबलावर ठेवले. त्यांनी पानं उलटली आणि हसू वाढलं. तेव्हा समोरची इंग्रजीत बोलायला लागली. मला एक अक्षर कळलं नाही, पण हसू कुठे थांबलं ते कळलं. मग ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काकू, बोला. मी तुमचं जसंच्या तसं सांगते."

मी पट्टीचं सांगितलं, सुनेचं सांगितलं, चिठ्ठ्यांचं सांगितलं. समोरची वाक्यावाक्याला इंग्रजीत सांगत होती, आवाज कोरडा. मी शेवटी म्हटलं, "आम्हाला नुसतं परत विचारू नका. आधी सांगा की परत विचारलं म्हणजे पहिलं चुकलं असं नाही. मग बघा."

मोठ्या बाईंनी पेन खाली ठेवलं. समोरचीला काहीतरी म्हणाल्या. समोरची माझ्याकडे वळली. "काकू, त्या तुम्हालाच विचारणार आहेत. इथंच. मी मान हलवायची नाही, डोळे हलवायचे नाहीत." आणि प्रश्न सांगितला: मागच्या आठवड्यात किती दिवस चाललात?

"पाच," मी म्हटलं. खरेच पाच होते.

त्यांनी लिहिलं. चहा मागवला. बिनदुधाचा, हिरवट. मला विचारलं मुलगा काय करतो, गाव कुठलं, पाऊस किती पडतो. मी सांगत गेले. कप रिकामा झाला. मग त्या समोरचीकडे बघून एक वाक्य बोलल्या, आणि समोरचीनं ते भिंतीकडे बघत मराठीत सांगितलं: "परत विचारतोय म्हणजे तुमचं पहिलं चुकलं असं नाही. मागच्या आठवड्यात किती दिवस चाललात?"

आता तुम्ही म्हणाल यात काय एवढं. तुम्ही बसा तिथं. एवढी शिकलेली बाई समोर, हातात पेन, डोळे माझ्या तोंडावर. माझ्या जिभेवर चार आलं होतं. मग सहा आलं. खरंच सोमवारी गेले होते का मी? सोमवारी धुणं होतं ना? माझा तळहात आपोआप पदराखाली गेला, पट्टी चुकवायला जायचा तसा. समोरची भिंतीकडे बघत होती आणि तिच्या मानेवरची शीर उडताना मला दिसत होती. मी तळहात बाहेर काढला आणि टेबलावर ठेवला.

"पाच," मी म्हटलं.

मोठ्या बाई हसल्या. हे हसू वेगळं होतं, डोळ्यांपर्यंत गेलं. त्यांनी समोरचीला काय सांगितलं ते तिनं मला टॅक्सीत सांगितलं. त्यांच्या गावातल्या म्हाताऱ्या सकाळभर देवळाचं अंगण झाडतात आणि विचारलं तर म्हणतात, आम्ही कुठं काय करतो. त्यांचाही कागद पहिल्यांदा याच खड्ड्यात पडला होता, पण तिथं कुणी म्हातारी ऑफिसात येऊन भांडली नव्हती. मी भांडले नव्हते, पण असो. चिठ्ठ्यांचे कागद त्यांनी फाडून टाकले आणि तीन आठवडे वाढवून दिले. समोरचीनं लगेच ड्रायव्हरला विचारलं, "भैया, दिन में कितने घंटे बैठते हो?" मी डोळे मिटून घेतले.

तीन आठवड्यांनी मराठी पास झाला. मिनिटापर्यंत जुळला नाही, माणसांचं जुळतं तेवढा जुळला. लातूरच्या बाईंनी 'शून्य दिवस' असं ठणकावून सांगितलं. छापलेल्या कागदावर दुसऱ्या फेरीच्या आधी माझं वाक्य आहे, थोडं सजवलेलं. खाली माझं नाव नाही. सही मागितली असती तरी मी काय, वळणदार थोडीच करणार होते.

आणि गंमत बघा, कागद झाला म्हणून इथलं कामच संपलं. मोठ्या बाई आपल्या देशी परत गेल्या आणि हिला पुढच्या कामाला तिकडे बोलावून घेतलं. जाताना ती मला तिचं सेकंदांचं घड्याळ द्यायला लागली. मी घेतलं नाही. मला काय मोजायचंय? समोर आता दुसरे लोक राहतात. सभ्य आहेत. लिफ्टमध्ये सलाम करतात आणि काही विचारत नाहीत.

ती दर शुक्रवारी फोन करते. देवळात झाडू मारणाऱ्या म्हाताऱ्यांच्या मागे घड्याळ घेऊन हिंडत असते म्हणे, आणि पायाची सूज उतरलीय. इकडं माझा उजवा गुडघा बिघडला. बोळाच्या मध्यावर वॉचमननं माझ्यासाठी प्लॅस्टिकची खुर्ची ठेवलीय. लिफ्टपासून खुर्चीपर्यंत जाते, बसते, परत येते. सुनेला सांगितलेलं नाही. ती बिचारी सुट्टी काढत बसेल.

गेल्या शुक्रवारी फोनवर तिनं नेहमीचं विचारलं, "काकू, मागच्या आठवड्यात किती दिवस चाललात?"

मी म्हटलं, "दोन."

तिकडून कुठल्याशा पक्ष्याचा आवाज येत होता. मग तिनं हळूच परत विचारलं, "काकू, किती दिवस?"

तिला पाच ऐकायचे होते. तिच्या आईनं 'मजेत' म्हणून सांगितलं असतं.

"दोनच," मी म्हटलं. "पहिलं बरोबर होतं, बाई. लिही."